चालती नाव, वरून पाहताना



शाळेत असताना नावेचे गणित आपण सर्वांनीच सोडवले आहे. नाव स्थिर पाण्यात ताशी अमुक वेगाने जाते, नदीचा प्रवाह ताशी तमुक आहे, तर वरच्या गावाला जाऊन परत यायला तिला किती वेळ लागेल? आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना या गणिताने रडवले होते आणि त्या निम्म्यांत मीही होतो. पुढे मी भूगोलाकडे वळलो, त्यामागे हे गणित टाळण्याचा हेतू अगदीच नव्हता असे म्हणता येणार नाही. पण टाळलेले गणित कुठे ना कुठे माणसाला गाठतेच. मला ते दोन वर्षांपूर्वी कृष्णेच्या पात्रात गाठून गेले, आणि त्या खेपेला चुकलेल्या उत्तराची किंमत छड्यांपेक्षा बरीच जास्त होती. ती हकीगत आज सांगणार आहे. विषय आहे चालत्या नावेचे आकाशातून छायाचित्र घेण्याचा, आणि ते घेतल्यावर त्यात काय दिसते याचा.

ड्रोन म्हणजे काय हे आता खेड्यातही समजावून सांगावे लागत नाही. लग्नात अक्षता पडत असताना मांडवावर भुंग्यासारखा गुणगुणतो तो ड्रोन, आणि उसावर औषध फवारतो तो त्याचा थोरला भाऊ. पण मांडव काय किंवा उसाचा फड काय, जागचा हलत नाही. ड्रोन उडतो, काम करतो आणि निघाला होता त्याच जागी येऊन उतरतो. नावेचे तसे नाही. ज्या नावेवरून तो उडाला ती नाव तो परत येईपर्यंत पुढे गेलेली असते. म्हणजे पायाखालची जमीनच चालू लागलेली. सगळी गंमत आणि सगळा धोका एवढ्यातच आहे.

आकाशातून चित्र घेण्याची हौस ड्रोनपेक्षा फार जुनी. १८५८ साली नादार या नावाने प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ बलूनमध्ये बसून असे चित्र घेतले. पुढे १८८८ च्या सुमारास त्याच देशातल्या आर्थर बातू याने माणसाला जमिनीवरच ठेवले आणि कॅमेरा पतंगाला बांधून वर पाठवला. १९०६ साली सान फ्रान्सिस्को शहर भूकंपाने आणि आगीने बेचिराख झाले, तेव्हा जॉर्ज लॉरेन्स या अमेरिकन गृहस्थाने पतंगांची एक माळच सोडून सुमारे दोन हजार फुटांवरून त्या उद्ध्वस्त शहराचे चित्र घेतले. जर्मनीत नॉयब्रोनर नावाच्या औषधविक्रेत्याने तर कबुतराच्या छातीवर चिमुकला कॅमेरा बांधला होता. आपल्याकडे या गोष्टीचे कुणी नवल करू नये. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि त्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे, त्या गावच्या माणसांना कॅमेऱ्याचे खटाटोप नवे नाहीत.

यांतला पतंग मला विशेष आवडतो. त्याची दोरी नावेला बांधली की तो नावेचाच होऊन जातो. नाव पुढे गेली की पतंग पुढे, नाव वळली की पतंगही वळतो. वारा पडलेला असला तरी ताशी दहा किलोमीटरने चाललेल्या नावेला समोरून दहा किलोमीटरचा वारा आपोआप मिळतो. वाऱ्याच्या तोंडावर निघालात तर दोन्ही वेग मिळून पतंग छान ताणून उभा राहतो. उलट वाऱ्याबरोबर, वाऱ्याच्याच वेगाने नाव चालू लागली, तर नावेवरच्या माणसाला वारा उरतच नाही आणि पतंग कॅमेऱ्यासकट पाण्यात येतो. मुलांना सापेक्ष वेग शिकवायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. फक्त दोरी सुती असावी. नायलॉनच्या मांजाला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ सालीच बंदी घातली आहे, आणि नदीकाठच्या बगळ्यांना तो किती छळतो हे आपण पाहतोच.

ड्रोनला दोरी नाही. त्याला जे सांगितले तेवढेच तो ऐकतो. ही साधी गोष्ट मी विसरलो.

झाले असे, की आमच्या महाविद्यालयात भूगोलाच्या मुलांना विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून नकाशा वाचायला शिकवतात. लागोपाठ घेतलेली दोन चित्रे शेजारी ठेवायची आणि स्टिरिओस्कोप नावाच्या दोन भिंगांच्या उपकरणातून पाहायची. मग सपाट कागदावरचे डोंगर उठून उभे राहतात आणि दऱ्या खोल जातात. दोन्ही चित्रांत बराचसा भाग तोच असतो, पण तो दोन जागांवरून पाहिलेला असतो. आपले दोन डोळे करतात तेच काम हे. आता यात एक खोड आहे. डोंगर जागचा हलत नाही म्हणून तो बरोबर दिसतो. पण दोन चित्रांच्या मधल्या काही क्षणांत जी वस्तू सरकली असेल, ती या भिंगांतून भलतीकडेच दिसते. विमानाच्याच दिशेने चाललेली होडी पाण्याच्या पातळीखाली बुडाल्यासारखी दिसते, आणि विमानाच्या उलट दिशेने येणारी होडी पाणी सोडून हवेत तरंगताना दिसते. वर्गात हे सांगितले तेव्हा मुलांचा विश्वास बसेना. एक मुलगी म्हणाली, "सर, पुस्तकात असेल. आपण करून पाहिलं तर?"

तिच्या त्या 'तर'मुळे आम्ही कृष्णेवर गेलो. माझा एक जुना विद्यार्थी शिरोळ तालुक्यात लग्नाची छायाचित्रे घेण्याचा धंदा करतो. त्याच्याजवळ ड्रोन होता, त्याचा नोंदणी क्रमांक होता, चालवण्याचे प्रमाणपत्र होते, आणि त्याच्यावर फेडायचे कर्जही होते. दसरा होऊन गेला होता. पाऊस संपला होता, पण कृष्णेला अजून ओढ होती. नरसोबाच्या वाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात हे आपण जाणताच. तिथे देवळाजवळ गर्दी असते, म्हणून आम्ही तिथून बऱ्याच दूर, वरच्या अंगाला, मोकळ्या काठावर जागा निवडली. इथे एक गोष्ट शिक्षक बंधु-भगिनींना सांगून ठेवतो. ड्रोन कुठे उडवावा याचा सरकारने रंगीत नकाशा केलेला आहे. हिरव्या भागात जमिनीपासून चारशे फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या आसपास ती घ्यावी लागते, आणि उजळाईवाडीचा विमानतळ कोल्हापूर शहराला लागूनच आहे हे रंकाळ्यावर किंवा पंचगंगा घाटावर ड्रोन उडवू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. २०१८ च्या डिसेंबरात लागू झालेल्या नियमांनी तर चालत्या वाहनावरून किंवा जहाजावरून ड्रोन उडवण्याला सरळ मनाईच केली होती. ते नियम २०२१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ड्रोन नियमांनी मागे पडले. तरी ती मनाई कुणाला का सुचली असेल हे मला आता चांगले कळते.

होडी एका वयस्क नावाड्याची होती. मुले त्यांना मामा म्हणू लागली, मग मीही. होडीला मागे एक लहान इंजिन होते, पण मामांचा जीव वल्ह्यावर. सकाळचे काम फार उत्तम झाले. होडीवरून ड्रोन उडवताना काय अडचणी येतात त्या एकेक करून कळल्या. सुरू होताना यंत्राला स्थिर जागा लागते, म्हणजे त्याचे डोके ठिकाणावर येते. होडी तर सारखी डुलत असते. त्यात त्याचे होकायंत्र लोखंडाजवळ बावचळते, म्हणून इंजिनापासून दूर, लाकडी फळीवर, होडी काठाला टेकवून आम्ही ते सुरू केले. खालच्या बाजूला त्याला एक बारीक डोळा असतो. त्या डोळ्याने जमिनीकडे पाहून ते एका जागी उभे राहते. वाहत्या पाण्यावर हा डोळा फसतो. पाणी वाहते आहे की आपण सरकतो आहोत हेच त्याला उमजत नाही, आणि बिचारे पाण्याबरोबर चालू लागते. म्हणून पाण्यालगत फार वेळ ठेवू नये, वर न्यावे. उतरवताना मात्र होडीवर टेकवण्यापेक्षा हातात झेलणे बरे पडते. पण पात्यांनी बोटे कापतात, तेव्हा हे काम सवयीच्या माणसाचे, हातमोजे घालून करण्याचे. मुलांनी करू नये.

उन्हाचेही पाहावे लागते. पाणी म्हणजे आरसाच. कोल्हापूरवर सूर्य वर्षातून दोनदा माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. त्या दिवसांत दुपारी बारा-साडेबाराला सरळ खाली पाहून चित्र घ्याल तर नावेच्या जागी नुसता चकचकीत सूर्य मिळेल. सकाळी नऊच्या सुमाराचे तिरपे ऊन चांगले. ते लाटांच्या एका अंगावर पडते, दुसऱ्या अंगावर सावली राहते, आणि एरवी न दिसणारी लाट उमटून दिसते.

राहिला वेग. होडी सेकंदाला दोन मीटर चालली असेल आणि कॅमेऱ्याची झापड सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात होडी चार सेंटिमीटर सरकते. तीसएक मीटर उंचीवरून लहान ड्रोनच्या कॅमेऱ्याला साधारण एक सेंटिमीटरची वस्तू ओळखू येते. तेव्हा चार सेंटिमीटर म्हणजे वल्हे, दोर, माणसाचे नाक, सगळे पुसट. झापड हजाराव्या भागाइतकी ठेवली तर होडी दोनच मिलिमीटर सरकते आणि चित्र स्वच्छ येते. दुसरा उपाय असा, की ड्रोनलाच होडीबरोबर होडीच्या वेगाने चालवायचे. मग होडी स्पष्ट येते आणि काठावरची झाडे धावल्यासारखी पुसट होतात. यांतले खरे चित्र कोणते, हा प्रश्न एका मुलाने विचारला. मी म्हटले, दोन्ही. तो माझ्याकडे संशयाने पाहत राहिला.

आता त्या गणिताकडे येतो. दुपारी जेवण झाल्यावर आम्ही होडी इंजिनावर घातली आणि वरच्या दिशेने निघालो. ड्रोन होडीवरून, पात्राच्या मध्यावर उडवला. त्याला तिथेच उंच उभा ठेवायचा, आणि होडी दूर दूर जाताना लागोपाठ चित्रे घ्यायची, असा बेत. बेत माझा होता. तो मुलगा दोनदा म्हणाला, "सर, लांब चाललोय." मी पडद्यावर दिसणाऱ्या चित्रात इतका गुंगलो होतो की "आणखी थोडं, आणखी थोडं" म्हणत राहिलो. इतक्यात वारा उठला. यंत्राने बॅटरी संपत आल्याची घंटा वाजवली तेव्हा ड्रोन आमच्यापासून जवळजवळ एक किलोमीटर मागे होता. ड्रोन सदैव नजरेच्या टप्प्यात ठेवावा हा पहिला दंडक. एक किलोमीटरवर तो ठिपक्याएवढासुद्धा दिसत नाही.

मंडळी, कागद-पेन्सिल घ्या. ड्रोन वारा नसताना ताशी छत्तीस किलोमीटर जातो. समोरून वारा ताशी वीस. म्हणजे त्याचा खरा वेग राहिला सोळा. होडी त्याच दिशेने, त्याच्यापुढे, ताशी आठने पळते आहे. मग दर तासाला तो आम्हाला किती गाठतो? फक्त आठ किलोमीटर. एक किलोमीटरचे अंतर तोडायला साडेसात मिनिटे. बॅटरी त्याच्या निम्मीसुद्धा उरलेली नव्हती.

आता दुसरी बाजू पाहा. प्रवाहाचा वेग दोन धरला, तर वर जाताना आठने जाणारी होडी उलटी फिरल्यावर खाली बाराने येते. ड्रोन सोळाने आमच्याकडे, आम्ही बाराने त्याच्याकडे, मिळून अठ्ठावीस. एक किलोमीटर तुटायला सव्वादोन मिनिटेसुद्धा पुरी लागत नाहीत. म्हणजे घंटा वाजताच मी एवढेच म्हणायला हवे होते, की मामा, होडी फिरवा. मी म्हणालो, "ड्रोन इकडे आण." होडी पुढेच चालली.

मिनिटभर गेल्यावर यंत्राने आमचा नाद सोडला. बॅटरी फार उतरली की ते स्वतःहून घरी परतते, अशी सोय त्यात असते. पडद्यावर तसे उमटले. मामांनी मागे वळून विचारले, "ते कुठं चाललंय आता?"

मुलगा म्हणाला, "घरी."

"त्येचं घर कुठं?"

"जिथनं उडवलं तिथं."

"आणि तितं काय हाय? पाणीच की!"

मामांनी आमची वाट पाहिली नाही. सुकाणू दाबून होडी गर्रकन वळवली आणि इंजिन होते नव्हते तेवढे ओढले. आम्ही जाऊन पोचलो तेव्हा ड्रोन पाण्यापासून दोन हातांवर, मोठ्या शहाण्यासारखा, आपल्या घरी अलगद उतरत होता. मामांनी होडी थेट त्याच्याखाली घालायचा प्रयत्न केला. हातभर अंतर कमी पडले. ते यंत्र क्षणभर तरंगले, मग एका अंगाला कलंडले. मामांनी ओणवे होऊन त्याचा पाय धरून वर ओढले, पण पाणी आत गेले होते. ते पुन्हा सुरू झाले नाही. दिवाळीनंतरची लग्नसराई तोंडावर आली होती. त्या मुलाने मला एका शब्दाने दोष दिला नाही, त्याने मला अधिकच वाईट वाटले. यंत्राची भरपाई मी हप्त्याहप्त्याने केली. त्याच्या लग्नसराईची मात्र कशी करणार होतो?

यंत्रातले चित्रांचे कार्ड तेवढे वाचले. सकाळची चित्रे सगळी त्यात होती.

त्यांतली पहिली चित्रे होडी पैलतीरी जातानाची आहेत. मामांना आम्ही सांगितले होते, समोरच्या घाटावर सरळ न्या. वरून घेतलेल्या चित्रांत पाहावे तर होडीचे तोंड घाटाकडे नाहीच. ते घाटाच्या बरेच वर, एका उंबराच्या दिशेला वळलेले आहे. पण काठावरच्या झाडांशी ताडून एकेका चित्रात होडीची जागा मांडत गेलो, तर ती जागा अगदी सरळ रेषेत घाटाकडे सरकते. तोंड एकीकडे, चाल दुसरीकडे. मामांना हे विचारले तेव्हा त्यांना प्रश्नच कळेना. "घाटाकडं नाक धरलं तर खाली कुठंतरी लागंल की होडी," ते म्हणाले, "उंबराकडं धरायचं, म्हंजे नदीच आणून सोडती घाटावर." पाण्याची ओढ जास्त असेल तर उंबराच्याही वरच्या बाभळीकडे धरायचे. कुठल्या महिन्यात कुठले झाड, हे त्यांना पाठ आहे. माझ्या पुस्तकात यालाच दोन वेगांची बेरीज म्हणतात आणि बाणांच्या आकृत्या काढतात.

त्याच चित्रांत दुसरी गोष्ट दिसते. होडीच्या मागे पाण्यावर लाटांची एक पाचर उमटते. बदक तळ्यातून पोहत गेले तरी त्याच्यामागे अशी पाचर होते. काठावरून ती नीट दिसत नाही. वरून मात्र अगदी कंपासपेटीतून काढल्यासारखी दिसते. लॉर्ड केल्विन या शास्त्रज्ञाने १८८७ साली गणिताने दाखवले की खोल पाण्यात ही पाचर मधल्या रेषेपासून दोन्ही अंगांना साडेएकोणीस अंश उघडते, म्हणजे एकूण एकोणचाळीस अंश. आणि नवल असे की बदक असो की जहाज, हळू असो की जलद, कोन तोच. २०१३ साली फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी जहाजांची वरून घेतलेली चित्रे मोजून दाखवले की फार वेगाने धावणाऱ्या बोटींची पाचर याहून अरुंद दिसते. आमच्या मुलांनी छापलेल्या चित्रांवर कोनमापक ठेवून मोजले. कुणाला सदतीस आले, कुणाला चाळीस. वल्ह्याच्या होडीपुरता केल्विनसाहेब खरा निघाला.

पण मला त्याहून मोठी वाटली ती गोष्ट अशी. पैलतीरी जाताना ती पाचर होडीच्या चालीच्या रेषेत नव्हती. होडीच्या तोंडाच्या रेषेत होती. म्हणजे पाण्याला काठ ठाऊकच नाही. आपल्या अंगावरून होडी कशी गेली एवढेच पाण्याला कळते. पाणी एक सांगते, काठ दुसरे सांगतो, आणि नावाड्याला दोघांचेही ऐकून वल्हे मारावे लागते.

हवेत तरंगणारी होडी मात्र आम्हाला दिसली. ड्रोन ज्या दिशेने गेला त्याच्या उलट येणाऱ्या होडीची दोन चित्रे स्टिरिओस्कोपखाली ठेवली, आणि ज्या मुलीने "करून पाहिलं तर" म्हटले होते तिने भिंगांना डोळे लावले. ती बराच वेळ वर पाहीना. मग म्हणाली, "सर, मामा उडायलेत!"

आता जरा गंभीर गोष्ट. आपल्या या टापूत होडी ही केवळ सहलीची वस्तू नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या वर. चिखली-आंबेवाडीची, शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी गावांची माणसे होड्यांतून बाहेर काढावी लागली. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली होडी उलटली, त्याची आठवण अजून अंगावर काटा आणते. आणि जिथे होडी पोचत नाही तिथे आपली माणसे गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडतात. गुळासाठी केलेल्या त्या गोल भांड्याला तोंड नाही, बूड नाही. एका बाजूने वल्हवले की ते स्वतःभोवती फिरते, आणि आत बसलेल्याला आपण कुठल्या दिशेला चाललो हेच उमगत नाही.

पुराच्या पाण्यात नाव बुडवणारी वस्तू बहुधा पाण्याखाली असते: कुंपणाची तार, विजेचा खांब, विहिरीचा कठडा, झाडाचा शेंडा. पाणी गढूळ, त्यामुळे वरूनही ती दिसत नाही. दिसते ती तिच्या मागे उठलेली रेघ. वाहत्या पाण्यात उभ्या असलेल्या खांबामागे पाण्यावर एक लांब सुरकुती पडते, आणि वरून घेतलेल्या चित्रात ती स्वच्छ उमटते. होडीत बसलेल्या माणसाला, पाण्याच्या पातळीवरून, ती अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. म्हणून कुणी असे समजू नये की पूर आला की हौशी मंडळींनी ड्रोन घेऊन निघावे. त्या वेळी आकाशात सुटकेची हेलिकॉप्टरे असतात, आणि एका ड्रोनसाठी त्यांना माघारी फिरावे लागले तर ते पाप कुणाच्या माथी? पुरातली चित्रे घेण्याचे काम ज्यांचे त्यांनी करावे. आपले काम त्याआधीचे आहे, पाणी शहाणे असताना ते वाचायला शिकण्याचे.

त्यासाठी ड्रोन लागतोच असे नाही, हे मी मुद्दाम शिक्षकांना सांगतो. आमच्या हातचा तो गेल्यावर आम्ही पुलावर गेलो. आपल्या प्रत्येक नदीला पूल आहे. शिवाजी पुलासारख्या पुलावरून खाली पाहिले तरी होडीचे तोंड, तिची पाचर, पुलाच्या खांबांमागच्या सुरकुत्या, हे सगळे दिसते. मोबाईलच्या कॅमेऱ्यालाही ते पकडता येते. पूल जागचा हलत नाही ही त्यात आणखी एक सोय. मुलांना कठड्यापासून मागे, पायवाटेवर उभे करावे, मोबाईल दोरीने गळ्यात अडकवावा, आणि होडी नसेल तर वरच्या अंगाने पळसाची पाने सोडावीत. दहा पाने एका ओळीत सोडली तर पुलाखाली येईपर्यंत त्यांची ओळ वाकते. मधली पुढे जातात, काठाची मागे राहतात. प्रवाहाचा नकाशा दहा पानांत होतो.

मामांना चित्रे द्यायला मी पुन्हा गेलो तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. कृष्णा बंधाऱ्यांनी अडून संथ झाली होती. मी मोठ्या कागदावर छापून आणलेले चित्र त्यांनी गुडघ्यावर पसरले. उडणाऱ्या होडीची गोष्ट सांगितली, तिला ते हसले. पाचरीचे अंश त्यांनी ऐकून घेतले. मग बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले. पात्राच्या डाव्या अंगाला एक बारीक पांढरी सुरकुती होती. आम्ही महिनाभर ते चित्र पाहत होतो, आमच्यापैकी कुणाला ती दिसली नव्हती. "ही जुन्या जॅकवेलची भिंत," ते म्हणाले. "पाणी चढलं की झाकती. नातवाला दहादा सांगितलं, त्येला उमगत न्हाई. आता ह्ये दावतो त्येला."

नातू तिथेच होता. त्याने चित्र घेतले, उलटे धरले, सरळ धरले, आणि विचारले, "आबा, अजून कुठं हायत अशा?"

मामांनी आणखी दोन जागा दाखवल्या. चित्रात तिथे काहीच दिसत नव्हते. पाणी त्या दिवशी तेवढे उतरलेले नव्हते किंवा तेवढे चढलेलेही नव्हते. मी खिशातले पेन काढून दिले. त्या दोन ठिकाणी नातवाने शाईच्या फुल्या मारल्या.